करंदीकर काकांचे सुभेदार

करंदीकर काकांनी आमच्याकडे पहिल्यांदा मागितली ती शिडी. आम्ही लंडनमधल्या पिनरला राहायला येऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. शेजारचे सत्तरीतले गृहस्थ मराठी निघाले, याचाच मला इतका आनंद झाला होता की मी लगबगीने गॅरेजमधून शिडी ओढत आणली. काका शिडीला हात लावेनात. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. 'अॅल्युमिनियमची शिडी एक, खालची पायरी किंचित वाकलेली, रविवारी संध्याकाळपर्यंत परत.' खाली त्यांची सही झालेली होती, माझ्या सहीला जागा होती आणि साक्षीदारासाठी वेगळी रेघ होती.

"काका, अहो, शेजारी आहोत आपण!"

"म्हणूनच. अनोळखी माणसाकडे मी शिडी मागितलीच नसती."

पायरी वाकलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कुंपणावरून आधीच बघून ठेवलं होतं. साक्षीदार म्हणून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनला थांबवलं. तो हसत हसत सही करून गेला. त्याला सवय असावी.

मी एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हिशेबखात्यात नोकरी करते. कागद नीट असावा, आकडा आकड्याला जुळावा, असं मलाही वाटतं. माझा नवरा मिलिंद तर म्हणतो की घरात चहाची साखर मोजणारी बाई आहे. पण काकांपुढे मी अगदी अघळपघळ ठरत असे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर गेली होती. एक सिग्नल हिरवा झाला की दुसरा लाल झालाच पाहिजे, आणि तो झाला आहे याची खात्री तिसऱ्या कशाने तरी झाली पाहिजे, अशा जगात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली होती. माणसांकडेही ते तसंच बघत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "भरवसा नसेल तर एक साक्षीदार पुरे. भरवसा असेल तर दोन घ्यावेत." मी कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे आपण नंतर बघत नाही, वर्षा. नुकसान तिथेच होतं."

त्यांच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर, जिथे लोक मुलांच्या पदवीदानाचे फोटो लावतात तिथे, एका दगडी भिंतीचा मोठा फोटो होता. भिंतीवर उभ्या ओळींमध्ये पक्षी, डोळे, पाय, सुऱ्या अशी चित्रलिपी कोरलेली. शेजारी शैलजाकाकूंचा लहानसा फोटो, फुलांचा हार घातलेला. काकू २००० सालच्या फेब्रुवारीत गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही.

"हे आमचे सुभेदार," काका भिंतीच्या फोटोकडे हात करून म्हणाले. मला वाटलं, घराण्यातलं कोणी. पेशवाईच्या तयारीने मी बसले, आणि काकांनी इजिप्त सुरू केलं.

हे सुभेदार चार हजार वर्षांपूर्वीचे. नाईलच्या मधल्या पट्ट्यातला एक प्रांत त्यांच्याकडे होता. नाव उच्चारायला अवघड, म्हणून काकांनी त्यांना सुभेदार केलं होतं आणि पुढे आमच्याही तोंडी तेच बसलं. प्रांताची व्यवस्था त्यांच्याकडे, फौज त्यांच्याकडे, गावच्या मोठ्या देवळाचे मुख्य पुजारीही तेच. हयातीतच त्यांनी डोंगराच्या पोटात स्वतःसाठी थडगं कोरून घेतलं. थडगं म्हणजे खड्डा नव्हे. एकामागे एक दालनं, छतावर रंगीत नक्षी, अगदी आत मूर्तीची जागा. काका-काकू निवृत्तीनंतर सहलीला गेले, तेव्हा एका परवानगीवर, पोलिसांच्या सोबतीने त्यांना तिथे तासभर जायला मिळालं होतं. बाकी मंडळी बसमध्ये बसून राहिली. हे दोघेच वर चढले.

काकांना त्या भिंतीने धरून ठेवलं ते तिच्यावरच्या मजकुरामुळे. सुभेदारांनी तिथे लढाया कोरल्या नव्हत्या. त्यांनी करार कोरले होते. आपण मेल्यावर वर्षाच्या अखेरच्या दिवशी आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या मूर्तीपुढे दिवा लागावा, म्हणून वाती कोणी द्यायच्या. पाव कोणी, बिअर कोणी, आणि कोणत्या पुजाऱ्याने मिरवणुकीत कुठपर्यंत चालत यायचं. प्रत्येकाशी वेगळा करार, आणि त्याबदल्यात त्याला काय मिळणार तेही तिथेच.

"शैलजा काय म्हणाली माहितेय?" काका सांगत. "म्हणाली, अख्खा प्रांत हाताखाली आणि एका वातीची हमी नाही या माणसाला! अगं, म्हटलं, सुभेदार होता म्हणूनच त्याला माहीत होतं."

एक मुद्दा मात्र मलाही मनापासून आवडला. सुभेदारांनी पुजाऱ्यांना जे दिलं ते वडिलोपार्जित मालमत्तेतून दिलं, हुद्द्याबरोबर आलेल्या मालमत्तेतून नव्हे, आणि तसं स्पष्ट लिहून ठेवलं. हुद्द्याचं ते पुढच्या सुभेदाराचं. तो उद्या येऊन परत घेईल. सरकारी आणि घरचं यांतली रेघ चार हजार वर्षांपूर्वी एका माणसाने इतकी स्वच्छ आखली होती. आमच्या ऑफिसात ती समजावून सांगताना मला दर वर्षी घसा कोरडा करावा लागतो.

इथपर्यंत सगळं छान होतं. इजिप्तचं वेड पुष्कळांना असतं. पुढचं वैतागाचं प्रकरण सुरू झालं ते काकांनी स्वतःच करार करायला घेतले तेव्हा.

काकूंची तिथी माघ वद्य पंचमी. काका ती न चुकता करत. सकाळी स्वतः स्वयंपाक करायचे, काकूंच्या फोटोपुढे दिवा लावायचे, केळीचं पान वेंब्लीहून आणलेलं असायचं. एक पान मागच्या अंगणात कावळ्यासाठी. पिनरमध्ये कावळे आहेत, पण त्यांना पानाची सवय नाही. पहिली यायची ती खार. काका तिला हाकलायला वर्तमानपत्राची सुरळी घेऊन उभे राहायचे आणि कुंपणावरून मला म्हणायचे, "जरा तू बघ गं, माझं वरण उतू जातंय." मी कामावर जायच्या कपड्यांत खार हाकलत असे.

माझ्यानंतर हे कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न खरा होता, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांना एकच मुलगी, लीना. ती ब्रिस्टलला असते, घरांच्या खरेदी-विक्रीची कामं बघणारी सॉलिसिटर आहे. मी साहजिकच म्हटलं, "लीनाला सांगा."

काका खिडकीबाहेर बघू लागले. "लीनाला आठवण नसते. आजपर्यंत एकदाही पंचमीला फोन आलेला नाही. एकदाही नाही, वर्षा. मी दिवसभर फोनजवळ असतो."

"मग तुम्ही करा की फोन."

"आईच्या दिवसाची आठवण मी करून द्यायची? मग ती आठवण माझी झाली. तिची कुठे?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण काकांनी विषय मिटवला आणि मसुदा पुढे केला. पहिला मसुदा आमच्या महाराष्ट्र मंडळाशी करायच्या कराराचा होता. काका काही ठेव देणार आणि मंडळाने दर माघ वद्य पंचमीला शैलजाकाकूंच्या नावाने दिवा लावून चार लोकांना जेवू घालायचं. कायम. मंडळाच्या कमिटीने हा विषय एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत ढकलत दीड वर्ष काढलं. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं की आजची कमिटी उद्याच्या कमिटीला बांधून ठेवू शकत नाही.

काका संतापतील असं मला वाटलं होतं. ते उत्साहाने उजळून निघाले. "बघ! सुभेदारांची अडचण नेमकी हीच होती!"

"मग त्यांनी काय केलं?"

"माणूस नेमला. एक खास माणूस, सगळ्यांवर लक्ष ठेवायला. त्याला जमीन दिली, माणसं दिली, आणि सांगितलं, तुझ्यामागे हे तुझ्या एकाच मुलाकडे जाईल, वाटण्या करायच्या नाहीत." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तो माणूस कोण ते मला कळलं.

दुसऱ्या मसुद्यात माझं नाव होतं. माझ्यामागे माझ्या मुलीचं. तिला तेव्हा वरण-भात करणं सोडाच, चुलीजवळ उभं राहण्याचाही कंटाळा होता. पुढचे कितीतरी महिने दर शनिवारी सकाळी मसुद्याची नवी प्रत दारातून आत पडायची. कलम बदललेलं असायचं, एक शब्द मात्र तोच. शेवटी मी प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले.

"काका, मी जिवंत आहे आणि पिनरमध्ये आहे तोपर्यंत तुमच्या घरी दिवा लावीन. पण 'कायम' या शब्दाखाली मी सही करणार नाही."

"का? एकच शब्द आहे."

"कारण तो खोटा आहे. माझ्या हातात नाही ते मी लिहून देत नाही."

"सुभेदारांच्या पुजाऱ्यांनी दिलं लिहून!"

"आणि पाळलं का त्यांनी?"

मी वैतागलेली होते, थांबले नाही. "किती वर्षं पाळलं, सांगा ना. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. दहा वर्षं? पन्नास? सुभेदारांची शेवटची वात कधी लागली?"

"ते कुठेही लिहिलेलं नाही," काका हळूच म्हणाले. "मी शोधलंय. पुढे त्या थडग्यात जनावरं बांधत असत, एवढं लिहिलंय."

त्यानंतर शनिवारच्या प्रती बंद झाल्या. मला बरंही वाटलं आणि वाटलंही नाही. मिलिंद म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला सही दिली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, तू दे. त्यानेही दिली नाही.

२००६ च्या मार्चमध्ये एका रविवारी काकांच्या दारात टॅक्सी थांबली. लीना उतरली. चाळिशीच्या आतबाहेरची, वडिलांसारखंच रुंद कपाळ, हातात जाडजूड पाकीट. मी तिथेच होते, कारण काकांचं बॉयलर बंद पडलं होतं आणि आलेल्या माणसाकडून ते हमीपत्र लिहून घेत होते. बॉयलरवाला सुटकेचा श्वास टाकून गेला. लीनाने पाकीट टेबलावर टाकलं. तो तिसरा मसुदा होता. काकांनी तो तिला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला होता.

"बाबा, व्हॉट इज धिस? तू मला कॉन्ट्रॅक्ट पाठवला? मला?"

"वाचलास का?"

"वाचला. ऑफिसमध्ये वाचला, लंच अवरमध्ये. माझी ट्रेनी विचारते, क्लायंट कोण आहे? मी काय सांगू, माय डॅड?" ती खुर्चीत बसली, लगेच उठली. "आणि 'फॉरएव्हर' असं काही नसतं बाबा, इथल्या लॉमध्ये. कोर्ट फेकून देणार."

"म्हणजे वर्षा बरोबर म्हणत होती," काका माझ्याकडे वळून म्हणाले. ज्या क्षणी मला तिथे असायचं नव्हतं, नेमक्या त्याच क्षणी.

"मी निघते," मी म्हटलं.

"नाही, वर्षाताई, थांब. तू विटनेस आहेस. त्याला विटनेस लागतो ना प्रत्येक गोष्टीला? बाबा, ती माझी आई होती. माझी. मला पैसे देऊन सांगतोस, आईसाठी दिवा लाव?"

"सांगितल्याशिवाय लावला असतास तर सांगितलं नसतं."

लीनाने मसुदा दूर सारला. "मी लावते. एव्हरी इयर. सुट्टी घेते. ट्वेंटी-फोर्थ फेब्रुवारी. आईची साबुदाण्याची खिचडी करते, ती चिकट होते, मी खाते. मग तुला फोन करते. आणि तू काय करतोस? तू हसतोस! अर्धा तास मला सुभेदार सांगतोस! लास्ट इयर तू मला नक्षी सांगितली, छताची. मी रडत होते, बाबा. आणि तू म्हणतोस, ब्लू कलर अजून ताजा आहे."

मला सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर आधी राग आला. सहा वर्षं! चोवीस फेब्रुवारी ही तारीख, माघ वद्य पंचमी ही तिथी. काकू गेल्या त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी होत्या. त्यानंतर तिथी कधी दोन आठवडे आधी आली, कधी चार दिवस उशिरा. तिथीच्या दिवशी बाप फोनजवळ बसून राहायचा आणि तो वाजायचा नाही. तारखेच्या दिवशी मुलगी फोन करायची तेव्हा बापाचा एक तर दिवस उरकलेला असायचा, नाही तर यायचा असायचा. तो तिच्या फोनने खूश होऊन गप्पा मारायचा. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला आठवण नाही.

"तारीख?" काका म्हणाले. "तिथी करतात, लीना. तारीख वाढदिवसाला."

"मला कोणी सांगितलं? मी वॉटफर्डच्या शाळेत गेले, बाबा! मला तिथी कशी कळणार? आयफोनवर येते का ती?"

आयफोन तेव्हा निघालेला नव्हता. तिने दुसऱ्या कुठल्या तरी फोनचं नाव घेतलं असणार. एवढी दुरुस्ती मी करून ठेवते. बाकी संवाद हाच.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी लीनाच्या डोक्यावर हात ठेवावा, निदान चहा टाकावा, असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "तरीपण तारीख चुकीचीच आहे."

मी कपाळाला हात लावला. लीनाच्या ओठांचा मात्र कोपरा हलला. "ओके. तुझा सुभेदार. त्याचा दिवा कधी लागायचा? तू मला सांगितलंस फोनवर. त्यांचं वर्ष थ्री हंड्रेड सिक्स्टी-फाइव्ह डेज, मोजलेलं, चंद्राचा संबंध नाही. सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग तो तिथी नाही ठेवत, बाबा. तो डेट ठेवतो. लाइक मी."

काकांनी भिंतीच्या फोटोकडे पाहिलं. "त्यांच्याकडे पंचांग नव्हतं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसू लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. लीनाने त्यांना नॅपकिन दिला. मी उठून चहा टाकला, कारण ते काम करणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. पुढचे कित्येक महिने दोघांचा वाद चालला आणि पंच म्हणून दोघांचेही फोन मला. मी हिशेब करून दिला: तारीख आणि तिथी साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, म्हणजे २०१९ ला. काका म्हणाले, "तोवर मी कुठला थांबतोय?" दोन्ही दिवस करा, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "माणूस एकदाच जातो. दोन दिवस कसे करणार?" लीना म्हणाली की ऑफिसात दर वर्षी वेगळ्या दिवसाची सुट्टी ती कशी मागणार. दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही फोन ठेवायचा नव्हता. माझी भाजी करपायची.

२००७ च्या चोवीस फेब्रुवारीला काका न सांगता ब्रिस्टलला गेले. पंचमी त्यांनी आधीच, सात तारखेच्या सुमाराला, घरी केली होती. परत आल्यावर कुंपणावरून तक्रारी सुरू झाल्या: खिचडी खरंच चिकट होती, दाण्याचं कूट भाजलेलं नव्हतं, दिव्यात वात म्हणून सुगंधी मेणबत्ती. "पण शैलजाच्या सगळ्या गोष्टी तिला माहीत आहेत," ते म्हणाले. "मला माहीत नव्हत्या अशाही." कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या महिन्यात त्यांनी मसुद्यांची फाइल रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. टाकण्याआधी कागदांना लावलेल्या पिना काढून घेतल्या.

त्याच वर्षी कार्तिकात काका गेले. हृदयाचा झटका, सकाळी, दूध आत घेताना. लीना आली, सगळं नीट केलं. घर रिकामं करायला तिला तीन शनिवार-रविवार लागले. भिंतीचा फोटो ती घेऊन गेली. "हॉलमध्ये नाही लावणार," म्हणाली, "पण ऑफिसमध्ये लावीन. क्लायंट्सना दाखवीन, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त डिटेलमध्ये ड्राफ्ट करायचा."

पुढच्या ऑक्टोबरात तिचा फोन आला. मी डबे भरत होते, ऑफिसला उशीर होत होता.

"वर्षाताई, बाबाचा दिवस कधी आहे?"

"अगं, तुला तारीख ठाऊक आहे की."

"डेट नको. आईची डेट मी करते, ती माझी आहे. बाबाला डेट चालणार नाही. तो वरून वाद घालणार. मला तिथी सांग."

मी डबे तसेच ठेवले आणि पंचांग काढलं. पुण्याच्या वेळा, इथला साडेपाच तासांचा फरक, सूर्योदय, सगळं मांडून कार्तिक शुद्ध नवमीचा दिवस तिला सांगितला. तिने तो परत म्हणून दाखवला आणि विचारलं, "नेक्स्ट इयर पण सांगशील?"

"सांगेन."

"आणि नंतर?"

मी म्हटलं, "पंचांग आलं की दर वेळी बघू." ती हसली आणि म्हणाली, चालेल. यंदाचं पंचांग परवा आलं. मी तिला दिवस कळवला आहे.